चुन्याखालचे चित्र

इंग्लंड म्हटले की आपल्यापुढे लंडन उभे राहते. राजवाडा, पार्लमेंट, थेम्सवरचे पूल. परंतु त्या देशाचा फार मोठा ठेवा खेड्यापाड्यांत विखुरलेला आहे, आणि तो म्हणजे तिथली मध्ययुगीन चर्चे. एकट्या सफोक परगण्यात अशी पाचशेच्या आसपास चर्चे आहेत. एखाद्या गावात वीस घरे असतील, दुकान नसेल, शाळा केव्हाच बंद पडली असेल. पण पाच-सहाशे वर्षांचे चर्च शेताच्या कडेला उभे असते. माणसे सारी गेली तरी घरातले म्हातारे माणूस ओसरीवर बसून राहावे, तसे.

माझा धाकटा भाऊ त्या परगण्यातल्या इप्सविच शहरी इस्पितळात नोकरीला आहे. एका उन्हाळ्याच्या सुटीत आईला घेऊन मी त्याच्याकडे गेले होते. आई सत्तरी ओलांडलेली. तिला अक्षरओळख नाही. आमच्या घरात मॅट्रिक झालेली मी पहिली, आणि पुढे मास्तरीण होऊन शेकड्यांनी पोरांना मुळाक्षरे गिरवायला लावली ती मीच. परंतु आईला पाटीची गोडी कधी लागली नाही. "मला काय करायचंय? माझं समदं डोक्यात हाय," एवढे तिचे उत्तर. आणि खरोखरच तिच्या डोक्यात पुष्कळ आहे. ओव्या आहेत, पिकांच्या तिथी आहेत, चार पिढ्यांची सोयरीक आहे. हे सांगायचे कारण असे की, ती चर्चे मी पुस्तकावरून वाचली आणि आईने नुसत्या डोळ्यांनी वाचली. आणि ती बांधली गेली होती तिच्यासारख्यांसाठीच.

या चर्चांची मांडणी आपल्याला परकी वाटत नाही. आपल्याकडे जसा सभामंडप आणि पुढे गाभारा, तसे तिथे लोकांसाठी लांबट मोठे दालन आणि त्याच्या पूर्वेच्या टोकाला पाद्र्यांसाठी वेदीचा भाग. दोहोंच्या मध्ये एक मोठी कमान, आणि कमानीखाली जाळीदार लाकडी आडपडदा. डागडुजीचीही वाटणी ठरलेली असे. वेदीकडचा भाग चर्चच्या उत्पन्नाचा जो मालक, त्याने राखायचा. लोकांचे दालन लोकांनी राखायचे. म्हणून कित्येक चर्चांत वेदीचा भाग साधाच आणि लोकांचे दालन मात्र भव्य, असा प्रकार दिसतो. मेंढ्यांच्या लोकरीवर आणि कापडावर सफोक त्या काळी सधन झाले होते. गावागावांतल्या चुरशीने मनोरे आणि छपरे उंच होत गेली.

त्या मुलखात बांधकामाचा चांगला दगड निघत नाही. शेतात नांगराला लागतात त्या गारगोट्या. मग त्याच वेचून, चुन्यात बसवून भिंती उभारायच्या. कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना लागेल तेवढाच घडीव दगड लांबून नावेने आणायचा. गारगोटी फोडली की आतून काळी, काचेसारखी तुळतुळीत निघते. तसे काळे तुकडे आणि पांढरट घडीव दगड शेजारी शेजारी बसवून बाहेरच्या भिंतींवर नक्षी काढलेली असते. शेतकऱ्याला ज्या दगडाचा त्रास, त्याचाच देवाच्या घराला दागिना.

आम्ही पाहिलेले पहिले चर्च ब्लिथबरा गावचे. ब्लिथ नदी तिथे पसरट होऊन दलदलीत शिरते, आणि त्या दलदलीच्या कडेला, लहानशा उंचवट्यावर हे पांढुरके चर्च उभे आहे. लांबी सुमारे सव्वाशे फूट. एवढ्याशा गावाला एवढे मोठे चर्च कशाला, असा प्रश्न पडतोच. पंधराव्या शतकात ते बांधले गेले तेव्हा गाव एवढेसे नव्हते. ते बंदर होते, इथे बाजार भरे, शेजारी मठ होता. पुढे जहाजे मोठी झाली, नदी गाळाने उथळ झाली आणि बंदर बसले. 1537 साली मठही मोडला. एवढ्या थोरल्या वास्तूला पोसायची ताकद गावात उरली नाही.

आईने दारातच चपला काढल्या. भाऊ म्हणाला, "आई, इथे काढायची रीत नाही. फरशी थंडगार आहे." ती म्हणाली, "थंड असंना. द्येवाचं घर हाय न्हवं?" आत एक वृद्ध बाई फुलदाण्यांतले पाणी बदलत होत्या. त्यांनी आईच्या पायांकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने कुठूनशी एक जाड सतरंजीची पट्टी आणून बाकापुढे पसरली, आणि आपल्या कामाला लागल्या.

आत प्रकाशच प्रकाश होता. भिंतींच्या वरच्या अंगाला दोन्हीकडे अठरा-अठरा खिडक्यांची ओळ, आणि काचा बहुतेक साध्या. मूळच्या रंगीत काचांचे थोडे तुकडेच उरले आहेत. पायांखाली विटा आणि फरशा उंचसखल झालेल्या. आणि वर ते छप्पर! फिकट पडलेल्या पांढऱ्या रंगावर तांबड्या-हिरव्या फुलांची वेलबुट्टी, आणि मधल्या आढ्याला तुळयांच्या सांध्यावर लाकडात कोरलेले देवदूत, दोन-दोन पाठीला पाठ लावून, पंख पसरून बसवलेले. सगळे आता उरलेले नाहीत. जे आहेत त्यांची तोंडे इतक्या उंचीवरूनही शांत दिसतात.

मी पुस्तक उघडून देवदूत या कल्पनेचे मराठीत काय सांगावे याची जुळवाजुळव करीत होते, तोवर आई मान वर करून म्हणाली, "ह्ये गरुड व्हय? आपल्या इठ्ठलाच्या देवळात हाय तसं? मानसाचं त्वांड, पंख पाखराचं. सांगावा न्यायला ठिवलं आसतील." मी पुस्तक मिटले. देवदूत या शब्दाचा अर्थ तोच आहे.

बाकांच्या टोकांवर मुठीएवढ्या, वितीएवढ्या आकृत्या कोरलेल्या आहेत. ख्रिस्ती धर्मात जी सात महापापे सांगितली आहेत त्यांतली कित्येक इथे माणसांच्या रूपाने बसली आहेत. शेजारीच वर्षाची कामे: पेरणारा, कापणी करणारा. मध्ययुगात प्रार्थना लॅटिनमध्ये चाले. ती शेतकऱ्याला कळत नसे. पण आपण ज्या बाकावर बसतो त्याच्या टोकाला कोण बसले आहे, हे त्याला हाताने चाचपूनही कळे. शेकडो हातांनी त्या आकृत्यांची डोकी गुळगुळीत झाली आहेत.

आईने एकेकाजवळ थांबून त्यांची ओळख पटवली. अंथरुणात उठून बसलेला माणूस पाहताच, "ह्यो आळशी. दिस कासराभर वर आला तरी हातरुणातच." पेटीवर ठाण मांडून बसलेला: "ह्यो चिक्कू. पेटीवरनं उठला तर कोन न्हेईल म्हनून भ्या वाटतंय त्येला." सुटलेल्या पोटावर हात ठेवलेल्याला तिने नुसते हसून सोडले. जीभ बाहेर काढलेल्या एकाजवळ मात्र ती बराच वेळ उभी राहिली आणि आमच्या गावातल्या एका बाईचे नाव तिने हळूच घेतले. पुस्तकात त्या आकृतीखाली 'चहाडी' असेच लिहिले होते. फुलदाण्यांच्या बाईंना भावाने हे इंग्रजीत सांगितले, तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावे लागले. "आमच्याही गावात आहे ती," त्या म्हणाल्या.

मला स्वतःला धरून ठेवले ते एका वेगळ्याच बाकाने. वेदीजवळच्या जुन्या बाकांचा उपयोग कधी काळी चर्चमधल्या शाळेसाठी होत असे. त्यांना दौतीसाठी पाडलेली भोके आहेत, आणि एके ठिकाणी चाकूने कोरलेले नाव आहे: डिर्क लोवेर्सेन व्हान स्टॉकहोम, 1665. दलदलीला बांध घालायला डच लोक इकडे आले होते, त्यांतल्या कुणाचा हा मुलगा, असे सांगतात. बाकावर नाव कोरणाऱ्या मुलांशी माझे वीस वर्षांचे वैर आहे. पण परक्या मुलखात, परक्या भाषेच्या शाळेत, लाकडात आपले नाव खोल उतरवीत बसलेल्या त्या पोराला मी काय शिक्षा केली असती, ते मला सांगता येणार नाही.

अशा वास्तूवर संकटे किती आली! 4 ऑगस्ट 1577 रोजी, रविवारी, प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ झाले. मनोऱ्याचा सुळका छपरातून आत कोसळला आणि एक माणूस व एक मुलगा ठार झाले. उत्तरेच्या दारावर काळे, जळल्यासारखे चरे आहेत. त्या दिवशी सैतान काळ्या कुत्र्याच्या रूपाने आला होता आणि जाताना त्याने पंजे मारले, असे लोक सांगत आले आहेत. आईला ही हकीकत मुळीच अद्‌भुत वाटली नाही.

वादळापेक्षा मोठी मोडतोड माणसांनी केली, आणि तीही देवाच्या नावाने. आठव्या हेन्रीने 1534 साली रोमच्या पोपाशी संबंध तोडला. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड 1547 साली गादीवर आला, आणि मूर्ती काढा, चित्रांवर चुना फिरवा, असे हुकूम गावोगाव सुटले. पुढे शंभर वर्षांनी राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत दुसरी लाट आली. विल्यम डाऊझिंग नावाचा एक कट्टर गृहस्थ 1643-44 मध्ये केंब्रिजशायर आणि सफोकमधल्या अडीचशे चर्चांतून मूर्तिभंजन करीत फिरला, आणि कुठे किती फोडले याची त्याने रोजनिशी ठेवली. 9 एप्रिल 1644 रोजी तो ब्लिथबऱ्यात होता. वीस चित्रे, दोन क्रूस, आणि उतरवून टाकायचे वीस देवदूत अशी त्या दिवसाची नोंद आहे. ती वाचताना अंगावर काटा येतो तो क्रौर्यामुळे नव्हे. कुलकर्ण्याने पीकपाहणी करावी तितक्या थंडपणे ती लिहिली आहे. त्याच्या मनात द्वेष नसावा. आपण देवाचे घर स्वच्छ करतो आहोत, असेच त्याला वाटत असणार.

हुकूम देऊन डाऊझिंग पुढच्या गावी गेला. देवदूत वरच राहिले.

देवदूतांच्या लाकडात शिशाचे छरे सापडतात. ते डाऊझिंगच्या लोकांनी झाडलेल्या गोळ्यांचे, असे पुष्कळ दिवस मानले जाई. पुढे विसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी छरे तपासले तेव्हा ते त्या काळचे नाहीत असे दिसले. अठराव्या शतकात छपरात शिरलेल्या जॅकडॉ जातीच्या कावळ्यांना मारण्यासाठी चर्चनेच दारू आणि छरे विकत घेतले होते. हिशेबात तो खर्च पडलेला आहे. देवदूतांवर गोळ्या झाडल्या त्या राखणदारांनी! धर्मवेडाला आपण लगेच ओळखतो. निष्काळजीपणा मात्र घरचाच असल्यामुळे दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात तर छप्पर इतके गळू लागले की पावसात लोक छत्र्या उघडून प्रार्थनेला बसत, असे सांगतात. 1881 साली बिशपाने चर्च धोक्याचे म्हणून बंद केले. मग दुरुस्ती कशी करावी यावर वाद माजला. जुने सारे खरवडून नवे कोरे करायचे, ही तेव्हाची रीत होती. विल्यम मॉरिस या कवी आणि कारागीर असलेल्या गृहस्थाने 1877 साली जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था काढली होती. तिचे म्हणणे असे की, पडणार नाही एवढे सावरा. नवे करू नका. चर्च 1884 मध्ये पुन्हा उघडले ते थोड्याशा दुरुस्तीवर. पैसाही नव्हता. श्रीमंत गावांची चर्चे त्या काळात झाडून पुसून, नव्या फरशा आणि नवी बाके घालून चकचकीत झाली. ब्लिथबऱ्याच्या छपरावर मात्र पंधराव्या शतकाचा रंग राहिला. गरिबीने राखलेले असे थोडेच असते. राखले तर ते असे राखले जाते.

निघताना दाराजवळ आम्ही दोन जुन्या वस्तू पाहिल्या. एक 1473 सालची लाकडी दानपेटी. दुसरा लाकडाचा शिपाई, 1682 सालचा, हातात कुऱ्हाडीसारखे हत्यार घेतलेला. दोरी ओढली की तो घंटेवर टोला मारतो आणि मान फिरवतो. फुलदाण्यांच्या बाईंनी आईसाठी ती दोरी ओढून दाखवली. आईने कनवटीचे एक नाणे काढून पेटीत टाकायला दिले. ते आपल्याकडचे पाच रुपयांचे होते. बाई म्हणाल्या, "चालेल."

तिथून तीन-एक मैलांवर वेनहॅस्टन नावाचे खेडे आहे. तिथले चर्च लहान, चारचौघांसारखे. पण त्यात एक फळ्यांचे चित्र आहे, आणि त्या चित्राची कथा मला सांगायची आहे.

1892 साली त्या चर्चची दुरुस्ती चालली होती. मधल्या कमानीच्या वरच्या भागात चुन्याने रंगवलेल्या जुन्या फळ्यांची एक भिंत होती. कामगारांनी ती काढून मागच्या कबरस्तानात टाकली; दुसऱ्या दिवशी जाळायची होती. रात्री जोराचा पाऊस पडला. सकाळी पाहतात तो चुना धुऊन गेला आहे आणि फळ्यांतून माणसांची तोंडे बाहेर बघत आहेत!

ते अखेरच्या न्यायाचे चित्र होते. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी कुणा गावठी हाताने रंगवलेले, ठसठशीत, अगदी आपल्या चित्रकथींच्या जातीचे. वर इंद्रधनुष्यावर ख्रिस्त बसला आहे. खाली मेलेली माणसे थडग्यांतून उठत आहेत. मधे मायकेल नावाचा देवदूत तराजू धरून उभा आहे आणि त्यात एक जीव तोलला जात आहे. शेजारी सैतान पापांची यादी घेऊन तयार. एकीकडे संत पीटर स्वर्गात घ्यायच्या माणसांचे स्वागत करतो आहे. त्यांच्या अंगावर वस्त्र नाही, पण डोक्यावर मुकुट आहेत, बिशपाची टोपी आहे, म्हणून कोण कोण होते ते कळते. दुसऱ्या टोकाला नरकाचे तोंड, थोरल्या माशाच्या जबड्यासारखे उघडे.

आईला मी काहीही सांगितले नाही. ती चित्रासमोर उभी राहिली आणि डावीकडून उजवीकडे बोट फिरवू लागली. जत्रेत 'करणी तशी भरणी'चा रंगीत तक्ता विकायला येई, त्यावर तिचे सारे धर्मशास्त्र पोसलेले. "ह्यो तराजूवाला. ह्यो चित्रगुप्त, वही घिऊन आलाय. पर ह्येचा चित्रगुप्त लबाड दिसतोय, आपला न्हाई तसा. ह्ये यमपुरीचं दार." मग मुकुटवाल्यांजवळ बोट थांबले. "आन् ह्यो राजा? उघडाच?"

"उघडाच," मी म्हटले.

"बराबर हाय," आई म्हणाली. "तितं कापडं न्हाई न्येता येत."

मी वर्गात इतकी वर्षे शिकवते, पण वाचन म्हणजे काय ते मला त्या क्षणी नव्याने दिसले. जो चित्रकार ही फळी रंगवून गेला, त्याला असाच वाचक हवा होता. त्याच्या गावातल्या ज्या बायकांसाठी त्याने ते काढले, त्या गेल्या. पाठोपाठ चुना आला. साडेतीनशे वर्षे ते कुणी वाचले नाही. आणि आता सातारा जिल्ह्यातली एक बाई त्याच्यापुढे उभी राहून ते घडाघडा वाचीत होती.

चित्राच्या तळाशी जुन्या वळणाची इंग्रजी अक्षरे आहेत. "ह्ये काय लिवलंय?" आईने विचारले. चित्रे बुजवली गेली त्या काळात तिथे बायबलातली वचने लिहिली गेली. चर्चांतून चित्रांच्या जागी अक्षरे आली ती अशी. ती ओळ रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातली आहे. मी तिला अर्थ सांगितला: वर जे सत्ताधीश आहेत त्यांच्या आज्ञेत प्रत्येकाने राहावे.

आईने पुन्हा वर पाहिले, त्या मुकुट घातलेल्या उघड्या राजाकडे. मग खाली अक्षरांकडे. "त्ये बुजवून ह्ये लिवलं?" एवढेच ती म्हणाली. अक्षरांची बाजू घेऊन मी काही बोलणार होते, कारण त्याच अक्षरांनी मला मास्तरीण केले, आणि त्याच चळवळीने बायबल तिथल्या शेतकऱ्याच्या भाषेत आणून त्याच्या हाती दिले, हेही खरे आहे. परंतु ते सारे त्या फळ्यांपुढे सांगायला मला नीटसे सुचले नाही.

त्या चित्रात तीन जागा कोऱ्या आहेत. मधे एक क्रूसाच्या आकाराची, आणि तिच्या दोन बाजूंना उभ्या माणसांच्या आकाराच्या दोन. तिथे पूर्वी लाकडात कोरलेल्या मूर्ती बसवलेल्या होत्या: क्रूसावरचा ख्रिस्त, त्याची आई मेरी, आणि त्याचा शिष्य योहान. चित्रकाराने त्यांच्या भोवतीने रंग भरला, म्हणून त्यांच्या मागचे लाकूड कोरेच राहिले. मूर्ती पुढे काढून टाकल्या गेल्या. चित्राला पावसाने परत आणले. मूर्ती कुणाला आणता आल्या नाहीत. उरल्या त्या त्यांच्या आकाराच्या तीन मोकळ्या जागा.

मी आईला त्यांतली डावीकडची जागा दाखवली. म्हटले, "इथे त्याची आई उभी होती."

आईने पदर डोक्यावर घेतला आणि त्या कोऱ्या लाकडाला हात जोडले.